मामा, तुम्ही बुक केलेली गाडी

मामा, परवा तुमचा तेरावा झाला आणि काल सकाळी शोरूममधून फोन आला.

उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस होता. एका हातात सुई, दुसऱ्या हातात रडणाऱ्या बाळाची मांडी, त्यामुळं फोन खांद्यात धरूनच बोलले. पलीकडचा सेल्समन म्हणाला, मॅडम, आजोबांनी तुमच्या नावानं बुक केलेली मोठी मोटारसायकल आलीय, शनिवारपर्यंत जुनी गाडी आणि तिची कागदं घेऊन या. मी विचारलं, कुठले आजोबा? त्यानं तुमचं नाव सांगितलं. मग जरा हसत म्हणाला, एक अटही लिहून ठेवलीय बघा त्यांनी, सुनेनं वजन उचललं असं तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय गाडी द्यायची नाही. त्याला ती थट्टा वाटली असणार. मी बाळाला लस टोचली, त्याच्या आईला गोळी दिली, आणि आत जाऊन लसींच्या फ्रिजसमोर उभी राहिले.

खरं सांगते, आधी रडू नाही आलं, राग आला. चैत्रात तुम्ही मला तोंडावर नाही म्हणालात. त्यानंतर सहा महिने आपल्या दोघांत मोठ्या गाडीचा विषय निघाला नाही. मी मनात अढी धरून बसले, की एवढी वर्षं माझ्या पाठीशी उभा राहिलेला सासरा शेवटी बाईमाणसाच्या हातात मोठी गाडी द्यायला घाबरलाच. आणि तुम्ही गुपचूप शोरूममध्ये जाऊन माझ्या नावानं बुकिंग करून आलात, बदल्यात द्यायला स्वतःची गाडी लिहून दिलीत. भांडण मिटवायचं तर समोर बसून मिटवावं ना. तुम्ही तुमच्या बाजूनं मिटवून टाकलंत, आणि मला कळवायचं तेवढं राहिलं.

तेराव्याला आपल्या ह्या धाराशिवकडच्या वाशीतलं निम्मं गाव आलं होतं. जो तो वायरमनची गोष्ट सांगत होता. कुणाच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी लाईट गेली आणि तुम्ही मांडवातून उठून ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर गेलात, कुणाची मोटर तुमच्यामुळं जळता जळता वाचली. सगळं खरंच होतं. पण मला जे बोलायचं होतं ते रस्त्यावरचं होतं, आणि त्या बैठकीत ते कुणापुढं बोलणार? म्हणून इथं बोलते आहे.

आठवतं का, मला आरोग्यसेविकेची नोकरी लागली तेव्हा घरात कुणाला झोप नव्हती. तीन गावं आणि दोन वस्त्या माझ्याकडं, एसटी सकाळी एकदा जाणार आणि तिला वाटेल तेव्हा परत येणार. स्कूटर घ्यावी तर काळ्या रानातल्या वाटेवर तिची बारकी चाकं रुतायची. तुमचे चिरंजीव तहसीलमधले कारकून, दुचाकीवर मागं बसले तरी डोळे मिटून घेतात, त्यांच्याकडून काय शिकणार? तुम्ही तुमची शंभर सीसीची गाडी अंगणात आणून लावलीत आणि म्हणालात, "बस. क्लच सोडताना घाई करायची न्हाय. मागं म्या बसतो."

मी म्हणाले, मामा, लोक नावं ठेवतील.

"ठेवू दे की. लाईट गेली की सगळं गाव मलाच शिव्या देतं. वायरमनला सवय असती."

साहेबाला गुडघ्याचं कारण सांगून तुम्ही महिन्याची रजा टाकलीत आणि तो दुखरा गुडघा घेऊन महिनाभर माझ्या मागं बसून हिंडलात. लसीचा निळा डबा मांडीवर, त्याच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी धरलेलं, जणू आत तुमचंच नातवंड आहे. पारावर बसलेल्या एकानं विचारलंच, सून गाडी चालवती आन तुम्ही मागं, ह्ये काय वायरमन? तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग काय दोघांनी हँडल धरायचं का?" त्या दिवशी मी हसता हसता गाडी बांधावर घातली. तुम्ही खाली उतरून आधी डबा तपासलात, बर्फ जागेवर आहे का बघितलंत, मग मला विचारलंत लागलं का म्हणून. मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही. डब्याची काळजी घेणाऱ्या माणसानं मला कामाची बाई मानलं होतं.

पुढं मी माझी सव्वाशेची गाडी घेतली आणि दरवर्षी भाऊबीज झाली की आपल्या दोन गाड्या निघायला लागल्या. पहिल्या वर्षी फक्त तेर, संध्याकाळी घरी. मग नळदुर्ग, मग परांडा, मग थेट बीदर. लोक किल्ले बघायला जातात, तुम्ही खांब बघायला जायचात. हा म्या उभा केला, तो वाकडा हाय तो माझा न्हाय, असं चालायचं. उमरग्याच्या पुढं एका चहाच्या टपरीवर तुम्ही खुशाल कानडीत बोलायला लागलात तेव्हा मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. पंधरा वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणालात, कुणी इचारलं न्हाय कवा.

गाडी चालवायचे तुमचे नियम थोडे होते, पण त्यात सूट नव्हती. चाळीस किलोमीटर झाले की थांबायचं, तहान असो नसो, आणि दोन्ही टायरला हात लावून बघायचं. सामान दोरीनं नाही, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधायचं. ढोकीच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले असायचे, त्यांच्या पुढं जायची मला फार घाई. तुम्ही सांगायचात, त्याच्या टेपवरचं गाणं ऐकत मागं चल, त्याला तुझा हॉर्न ऐकू येत न्हाय. एकदा मी ऐकलं नाही आणि पुढच्या ट्रॉलीतून सुटलेली मोळी माझ्या अगदी अंगाजवळून गेली. तुम्ही ओरडला नाहीत. पुढच्या गावात थांबून मला उसाचा रस पाजलात, तीच शिक्षा.

आणि लोहाऱ्याचा तो दिवस. स्टँडसमोर, वडापच्या जीपवाल्यांच्या घोळक्यापुढं, सामानासकट माझी गाडी आडवी झाली. चारपाच जण धावले. तुम्ही हात आडवा धरून त्यांना थांबवलंत, "राहू द्या, तिला उचलू द्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हँडल धरून ओढत होते आणि तुम्ही मात्र सावलीत उभं राहून सांगत होता, "आधी गिअरमंदी टाक, न्हायतर चाक फिरतं. साइड स्टँड काढून ठेव, पलीकडं पडंल न्हायतर. आता गाडीकडं पाठ कर. हातानं खांब उठत न्हाय बाई, पाठ लाव, खाली बस आन मागं मागं चालत जा." उचलली. जीपवाले टाळ्या वाजवायला लागले. दिवसभर मी तुमच्याशी बोलले नाही. परतताना तुम्ही एवढंच म्हणालात, की म्या रोज संगं असणार हाय का?



मग कोयनेचं निघालं. निवृत्त होऊन तुम्हाला आठ-नऊ वर्षं झाली होती आणि तरी एकच खूळ डोक्यात. जन्मभर लोकांच्या रानात वीज नेली, ती जन्मती कुठं ते एकदा बघू दे, आत सोडत न्हाईत म्हणं, पण धरण तर दिसंल. गेल्या दिवाळीत जायचं ठरत होतं. मीच मोडता घातला. बीदरहून येताना ट्रकच्या वाऱ्यानं सव्वाशेची गाडी दोनदा हेलकावली होती, हात मनगटापर्यंत बधिर झाले होते. मी म्हणाले, कोयनेला जायचं तर घाट आहेत, हायवे आहे, आता मोठी गाडी घेऊ, मग आरामात जाऊ. तुम्ही म्हणालात, आहे ह्या गाड्यांवर जाऊ की. मी हट्टाला पेटले. गाडी आधी, कोयना मग. दिवाळी तशीच गेली.

चूक माझी होती, मामा. तुमच्या तोंडावर कधी कबूल केली नाही. जाण्यासाठी गाडी हवी होती, आणि मी गाडीसाठी जाणं अडवून ठेवलं.

संक्रांतीनंतर आपण धाराशिवला जाऊन ती गाडी बघितली. पुढं वारा अडवायला काच, मागं रुंद सीट, दोन्ही बाजूंना पेट्या. मी बसले आणि टाचा जेमतेम टेकल्या. सेल्समन माझं कौतुक करत होता आणि तुम्ही त्याला विचारलंत, ही आडवी पाडून बघता येईल का? त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. नवी गाडी कोण पाडू देणार? मग चैत्रात एके दिवशी तुम्ही दोन पोती ज्वारी गिरणीच्या काट्यावर नेऊन मोजून आणलीत, तुमच्या गाडीवर एक पुढं टाकीवर आणि एक मागं सीटवर ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलंत, आणि गाडी अंगणात उजव्या अंगावर निजवलीत. म्हणालात, हे झालं मोठ्या गाडीचं वजन. उचल, मग घे.

डोक्यावर ऊन, तुमची कारभारीण म्हणजे आत्या ओसरीवर, शेजारच्या बायका कुंपणापाशी. मला सिद्ध करून दाखवायचं होतं, आणि त्या नादात सगळं शिकलेलं विसरले. समोरून भिडले, हँडलला झोंबले, दोनदा, तीनदा. गाडी वीतभर उठायची आणि परत बसायची. तुम्ही पुढं आला नाहीत, सांगितलंही नाहीत. शेवटी म्हणालात, "आवंदा न्हाय."

तेव्हा मी जे बोलले ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "तुम्हाला भीती वाटते तसं सांगा की. वजनाची कारणं कशाला देता? सारखेच आहात सगळे."

तुम्ही पट्ट्या सोडल्या, पोती ओढत कोपऱ्यात नेऊन ठेवलीत आणि म्हशीला पाणी दाखवायला गेलात. मामा, तुम्हाला "सगळ्यांसारखे" म्हणणारी मी. ज्या माणसानं सगळ्या तालुक्यासमोर सुनेच्या मागं बसून महिना काढला, त्याला. त्या संध्याकाळी चहा देताना माफी मागणार होते. चहा दिला, माफी राहिली.

दसऱ्याला तुम्ही गाडी धुतलीत, झेंडूचा हार घातलात, तुमची पक्कड आणि टेस्टर पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलंत. तेव्हा म्हणालात, पुढच्या दसऱ्याला हिथं येगळीच गाडी असंल. मी भाजी चिरत होते. मान वर केली नाही. मला वाटलं, म्हातारपणाचं निर्वाणीचं बोलणं.

काल दुपारी उपकेंद्र बंद करून मी तशीच धाराशिवला गेले. त्या सेल्समनला म्हणाले, आजोबा आले होते तेव्हा काय काय झालं ते सगळं सांगा. तुम्ही गेल्याचं त्याला अजून माहीत नव्हतं, ते ऐकून तो बसलाच. मग सांगायला लागला. म्हणाला, "मॅडम, ते पुढं बसलेच नाहीत. मागच्या सीटवर बसून बघितलं. पाय कुठं टेकतात, धरायला काय आहे, गुडघा दुखतो का. मी म्हटलं आजोबा, चालवून तर बघा. तर म्हणाले, चालवायचं आता तिनंच, माझा हात धरत न्हाय. मागं म्या बसणार."

माझा हात धरत नाही. मामा, मी रोज वीस माणसांचा रक्तदाब बघते. कुणाचा हात थरथरतो, कुणाची बोटं सुजलीत, मला लांबून दिसतं. आणि एका घरात, एका ओसरीवर, तुमचा उजवा हात मला दिसला नाही. वर्षभर तुम्ही चहा अर्धा कपच मागत होता. मला वाटायचं, साखर कमी करताय. कप हिंदकळू नये म्हणून होतं ते. तुम्ही नाही म्हणत होता ते बाईच्या हातात गाडी द्यायच्या भीतीनं नव्हे. घाटात दोन माणसांची गाडी पडली तर उचलायला दुसरा माणूस असणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही ते बोलला नाहीत. तुमची गाडी बदल्यात लिहून दिलीत, कारण तुम्हाला ती आता लागणार नव्हती.

घरी आल्यावर आत्यांना पोत्यांचं विचारलं. ती दोन्ही पोती चैत्रापासून त्याच कोपऱ्यात. ज्वारी संपली तेव्हा आत्यांनी बाजारातून आणली, पण ती सोडली नाहीत. म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं हुतं, ह्याला हात लावू नको, रेखाची हायती. आन काट्याहून चार पायल्या जास्तच भरल्यात. दोघांच्या कापडांचं वजन धरलंय म्हणाले."

दोघांच्या. चैत्रातच धरलं होतं तुम्ही.

आज सकाळी दूध झाल्यावर मी तुमची गाडी अंगणात काढली. दसऱ्याचा हार वाळून हँडलवर तसाच होता, तो काढला नाही. आत्यांनी एका बाजूनं पोतं धरलं, मी पट्ट्या आवळल्या. तुमच्यासारख्या बसेनात, तीनदा सोडून बांधल्या. मग गाडी उजव्या अंगावर निजवली. गिअरमध्ये टाकली. साइड स्टँड काढून ठेवला. या वेळी बघायला शेजारच्या बायका नव्हत्या आणि मला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. गाडीकडं पाठ केली, खाली बसले, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला. पहिल्यांदा पाय घसरला. चप्पल काढून टाकली. दुसऱ्यांदा सीट पाठीला घट्ट लावली आणि मागं चालायला लागले. अर्ध्यावर गाडी थांबली. वाटलं, गेली. तेव्हा तुम्ही काय सांगितलं असतंत ते मला माहीत होतं, म्हणून थांबले नाही, अजून एक पाऊल मागं टाकलं. गाडी उभी राहिली आणि स्टँडवर कलली.

मग मी रडले, मामा. पोत्यावर डोकं टेकून, तेराव्यालाही रडले नव्हते तेवढी. आत्यांनी रडू दिलं. त्या म्हणाल्या, "उचललीस की. आता त्यांचं नाव घेऊन गाडी आण."

मी डोळे पुसून शोरूमला फोन लावला. सांगितलं, उचललं. तो म्हणाला, मग शनिवारी येताय ना? मी म्हणाले, बुकिंग राहू द्या, गाडी घेणार आहे, जुनीही देणार आहे, त्यांनी दिलीय तर मी ठेवून घेणारी कोण? पण शनिवारी नाही. ह्या जुन्या गाडीचं एक काम राहिलंय. तो म्हणाला, मग ही गाडी दुसऱ्याला जाईल, तुम्हाला त्या रंगाची परत कधी मिळेल सांगता येत नाही. म्हटलं, जाऊ द्या, रंग कुठलाही चालेल.

आत्या ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "कोयनेला जातीस व्हय?" मी मान हलवली. त्या पदर खोचत उठल्या आणि म्हणाल्या, "मागं म्या बसते."

 मामा, कुंकू पुसून चौदा दिवस झालेल्या बाईनं सुनेच्या मोटारसायकलवर बसून धरण बघायला जायचं, हे आपल्या वाशीत कुणाला पचणार? मी म्हणाले, आत्या, लोक नावं ठेवतील.

"ठेवू देत. वायरमनच्या बायकोला सवय हाय."

तुमचे चिरंजीव हे ऐकून आधी गाडीच्या विम्याचा कागद शोधायला गेले. तो सापडला, मग आमच्यासाठी दोन हेल्मेट पुसून ठेवली. चाळीस वर्षं तुमच्याबरोबर राहिलेल्या आत्या आज पहिल्यांदा लांबच्या रस्त्याला निघाल्यात. भाकरी आणि शेंगाची चटणी लसीच्या त्या जुन्या निळ्या डब्यात भरलीय, दुसरा डबा मांडीवर नीट बसत नाही म्हणाल्या. पट्टा दोन्ही हातांनी धरलाय. पाय कुठं टेकवायचे ते मी दाखवलं.

घाटात वेळ लागेल. शंभरची गाडी, दोन बायका, चढ मोठे. पडलो तर मी उचलीन. निघते, मामा. चाळीस किलोमीटरला थांबेन आणि टायरला हात लावून बघेन.